अजून दोन हजार टाक

गेमिंगचा संगणक म्हातारा झाला आहे, हे घरात सगळ्यांत उशिरा त्याच्या मालकाला कळते. पंख्याची घरघर भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना ऐकू जाते, गेम उघडेपर्यंत चहा टाकून, पिऊन, कप विसळून होतो, तरी मालकाचे म्हणणे एकच असते, "हल्ली गेमच नीट बनवत नाहीत." मग सेटिंगची उतरंड सुरू होते. 'अल्ट्रा'चे 'हाय', 'हाय'चे 'मीडियम', 'मीडियम'चे 'लो'. आधी सावल्या बंद, मग गवत बंद, मग पाण्यातली प्रतिबिंबे बंद. जिथे पावसात भिजलेले झगमगते महानगर दिसायला हवे, तिथे करड्या मैदानात चार खोके उभे असतात आणि त्यांच्यामधून नायक उचक्या लागल्यासारखा चालत जातो. सेकंदाला साठ चित्रे दिसायची तिथे अठरा दिसू लागली, की 'अपग्रेड' हा शब्द घरात प्रथम उच्चारला जातो.

अपग्रेड म्हणजे नवा संगणक न घेता जुन्याचेच मुख्य भाग बदलणे: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम आणि ग्राफिक कार्ड. या व्याख्येत 'कमी खर्चात' हे शब्द असतात आणि ते व्याख्येतच राहतात. बजेट साधारण पंधरा हजारांचे ठरते. पंधराच का, याला शास्त्रीय आधार नाही. दहा म्हटले तर दुकानदार हसतो आणि वीस म्हटले तर घरात कुणी हसत नाही, म्हणून पंधरा.

या विकाराचे रुग्ण सगळीकडे आहेत, पण अभ्यास करायचा तर बंगळुरूत करावा. सांगली, कोल्हापूर, बेळगावकडून तिथे गेलेल्या इंजिनिअराचा संगणक बहुधा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी 'प्रोजेक्टला लागतो' असे वडिलांना सांगून घेतलेला असतो. नोकरी लागल्यावर तो गोधडीत गुंडाळून, राणी चन्नम्मा एक्स्प्रेसच्या बर्थवर आपल्या जागी निजवून, स्वतः रात्रभर बसून बंगळुरूत आणलेला असतो. शहाजीराजांना १६३८ च्या सुमारास बंगळुरूची जहागीर मिळाली, तेव्हापासून मराठी माणूस तिकडे जातो आहे. पण एवढ्या वायरी घेऊन नव्हे. हा इंजिनिअर दिवसा परक्या कंपन्यांचे सर्व्हर शेकड्यांनी वाढवतो, त्याचे लाखो डॉलरचे अंदाजपत्रक डोळे मिटून मंजूर होते. संध्याकाळी घरी मात्र त्याला पंधरा हजारांसाठी निवेदन सादर करावे लागते.

"किती?"

"पंधरा."

"कशाला?"

"वर्क फ्रॉम होमला स्लो पडतोय गं."

"त्याला कंपनीचा लॅपटॉप आहे ना?"

"मग बाळाच्या अभ्यासाला होईल पुढे."

"बाळाला अजून दात यायचेत."

फोनवरून आईचेही मत घेतले जाते. ती विचारते, "चालतोय ना तो? मग हात कशाला लावायचा?" या विषयावर आजवर व्यक्त झालेले हे सर्वांत अचूक तांत्रिक मत आहे आणि ते कुणीही विचारात घेत नाही.

विचारात घेतला जातो तो जाणकार मित्र. प्रत्येक अपग्रेडमागे असा एक मित्र असतो. तो बहुधा पुण्यात राहतो, स्वतःचा संगणक कधीच बदलत नाही आणि दुसऱ्याच्या पैशांबाबत अत्यंत उदार असतो. त्याचे सारे शास्त्र चार शब्दांत मावते: अजून दोन हजार टाक. जुने आरएक्स ५८० घ्यायचे ठरले, की तो म्हणतो, "ते २०१७चं कार्ड आहे रे. अजून दोन हजार टाक, ६६०० येईल." ६६०० वर मन बसते न बसते तोच, "त्यात मेमरी आठच जीबी. अजून दोन टाक, बारा जीबीचं ३०६० बघ." ३०६० ची माहिती काढून झाली, की तो गंभीर होतो. "पण तुझा प्रोसेसर बॉटलनेक करणार."

बॉटलनेक हा या क्षेत्रातला सर्वांत महागडा शब्द. पडद्यावर कुठे काय घडते आहे याचा हिशेब प्रोसेसर करतो आणि त्याचे चित्र ग्राफिक कार्ड रंगवते. हिशेब वेळेत आला नाही तर कार्ड हातावर हात ठेवून बसते. कार्ड मंद असेल तर प्रोसेसर खोळंबतो. दोघांतला एक कायम दुसऱ्याची वाट पाहत असतो, त्यामुळे बॉटलनेक कधी जात नाही, फक्त जागा बदलतो. जगातल्या कुठल्याही संगणकाबद्दल 'यात बॉटलनेक आहे' असे म्हणणारा माणूस खोटा ठरत नाही. जाणकार मित्राची प्रतिष्ठा यावरच उभी असते.

प्रोसेसर बदलावा, तर आधी सॉकेट पाहावे लागते. सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची ती चौकोनी बैठक, जिच्यात प्रोसेसर बसतो. इंटेलने २०११ मध्ये ११५५ पिनांचे सॉकेट आणले. २०१३ मध्ये ते ११५० झाले, म्हणजे पाच पिना कमी. २०१५ मध्ये ११५१ झाले, म्हणजे एक वाढली. २०१७ मध्ये पिनांची संख्या तीच राहिली, प्रोसेसर जुन्या बोर्डात व्यवस्थित बसलाही. चालू मात्र झाला नाही, कारण त्याला नव्या चिपसेटचा बोर्ड हवा होता. पुढे २०२० मध्ये १२००, २०२१ मध्ये १७००, २०२४ मध्ये १८५१. पिनांच्या या जमाखर्चात एक गोष्ट कायम राहिली: नवा प्रोसेसर म्हणजे नवा बोर्ड.

जुन्या बोर्डावरच, त्या पिढीतला सगळ्यांत वरचा प्रोसेसर सेकंडहँड आणून बसवावा, ही कल्पना सुचणारा माणूस स्वतःला फार हुशार समजतो. ती कल्पना त्याच बोर्डाच्या प्रत्येक मालकाला सुचलेली असते. त्यामुळे २०१४ चा आय-७ ४७९० हा अकरा-बारा वर्षांनंतरही तोरा सांभाळून विकला जातो आणि त्याच्या शेजारी ठेवलेला त्याच वयाचा आय-५ कुणी उचलूनही पाहत नाही.

एएमडीने या बाबतीत जरा माणुसकी दाखवली. २०१७ मध्ये रायझन ज्या एएम-४ सॉकेटावर आला, त्याच सॉकेटावर २०२२ चा ५८००एक्स३डी बसतो. फक्त त्याआधी बोर्डाचे बायोस अद्ययावत करावे लागते, ते करायला संगणक चालू असावा लागतो आणि संगणक चालू व्हायला त्या जुन्या बायोसला ओळखीचा असा जुना प्रोसेसर लागतो. म्हणजे नवा प्रोसेसर चालावा म्हणून आधी जुना मिळवायचा. तो नसेल तर दुकानात जाऊन काही मिनिटांपुरता उसना मागायचा. उसन्या प्रोसेसरावाचून, नुसत्या पेनड्राइव्हवरून बायोस बदलणारे बोर्डही मिळतात. अर्थात अजून दोन हजार टाकल्यावर.

बोर्ड बदलला की रॅम आपोआप बाद होते. डीडीआर-३, डीडीआर-४, डीडीआर-५ या तिन्ही पट्ट्या लांबीला सारख्याच, पण प्रत्येकीच्या कडेचा काप वेगळ्या ठिकाणी असतो. तो काप चुकीची पट्टी बसू नये म्हणून असतो, आणि जोर लावला की बसेल असे वाटणारी माणसेही असतात. आठ जीबीची डीडीआर-३ काढून सोळा जीबीची डीडीआर-४ घ्यायची, हा कागदावर किरकोळ खर्च. पण २०२५ च्या अखेरीस जगभरच्या कारखान्यांनी आपली मेमरी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरांकडे वळवली आणि रॅमचे भाव काही महिन्यांत दुपटीच्या पुढे गेले. याचा सर्वांत मोठा धक्का बंगळुरूला बसला. सोमवार ते शुक्रवार आउटर रिंग रोडवरच्या काचेच्या इमारतींत बसून कृत्रिम बुद्धिमत्ता घडवायची आणि शनिवारी दुकानात उभे राहून, "रॅमला काय आग लागली आहे हो? कोण घेतंय एवढी?" असे विचारायचे, हे दोन्ही तीच माणसे करतात.

ग्राफिक कार्ड हा खर्चाचा मुकुटमणी. नवे परवडत नाही, कारण त्यावर १८ टक्के जीएसटी तेवढा कळतो, मूळ किंमत का आहे ते कळत नाही. म्हणून सेकंडहँड. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक कार्डांवर ते खणून काढण्याचा धंदा एका दिवसात बसला. वर्ष-वर्ष रात्रंदिवस तापलेली कार्डे बाजारात आली. मात्र मायनिंगचे कार्ड विकणारा माणूस आजवर कुणाला भेटलेला नाही. मेट्रो स्टेशनाच्या जिन्याखाली जो भेटतो, तो फक्त सुट्टीत क्रिकेटचा गेम खेळणारा असतो.

"फर्स्ट ओनर, सर. लाइट यूज. घरात एसी होता."

"बिल आहे का?"

"बिल पावसात भिजलं."

"बॉक्स?"

"बॉक्स आहे ना. कोणता देऊ? सहा आहेत."

कार्ड हातात घेऊन ग्राहक ते उलटसुलट करतो, पंखा बोटाने फिरवतो, डोळे बारीक करून स्क्रूवरचे स्टिकर बघतो आणि मान हलवतो. यातून कार्डाविषयी काहीही कळत नाही. तो जिना चढून परत गाडी पकडतो तेव्हा कार्ड त्याचे झालेले असते.

आता संगणकातल्या जुन्या १०५० टीआय कार्डाला ७५ वॅट पुरत आणि ते बोर्डावरच्या खाचेतूनच मिळत. ३०६० ला १७० वॅट लागतात, आणि वेगळी वायर लागते. मग नजर वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसकडे जाते. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसच्या अंगावर ५०० वॅट असे ठळक लिहिलेले असते. ते त्याचे ध्येय असते. खरा एसएमपीएस हातात धरला की जड लागतो, आणि किंमत ऐकली की आणखी जड लागतो. या सगळ्या यादीत गेमचा वेग एका चित्रानेही न वाढवणारा हा एकमेव भाग, म्हणून सगळ्यांत आधी यावर काटकसर होते. सर्व सुटे भाग जाळण्याची क्षमता असलेला भागही हाच.

एवढी यादी खिशात घालून मनुष्य एस. पी. रोडला जातो. कागदोपत्री सादर पत्रप्पा रोड. पुण्याला तपकीर गल्ली, मुंबईला लॅमिंग्टन रोड, दिल्लीला नेहरू प्लेस, चेन्नईला रिची स्ट्रीट, तसा बंगळुरूला हा. केंपेगौडाने १५३७ च्या सुमारास शहर वसवले, त्या जुन्या भागात एकेका मालाची एकेक पेठ झाली: तांदळाची अक्कीपेट, बांगड्यांची बळेपेट, कापसाची अरळेपेट. संगणकाची तेवढी नावाला पेठ झाली नाही, पण वागणूक पेठेचीच. २०२३ पासून व्हाइटफील्डहून मेट्रोने मॅजेस्टिकला यायचे, हिरवी लाइन धरायची, पुढचे स्टेशन चिकपेट. पूर्वी या प्रवासात अपग्रेडचा विचार बदलण्याइतका वेळ मिळत असे. ती सोय मेट्रोने काढून घेतली.

दुकाने टीचभर असतात आणि त्यांतली निम्मी जिन्याच्या वर किंवा तळघरात. दुकानात हवा तो भाग कधीच नसतो, पण दुकानदार "नाही" म्हणत नाही. तो "टू मिनिट" म्हणतो, पोराला खूण करतो, पोरगा गल्लीत नाहीसा होतो आणि मागच्याच दुकानातून, जिथे ग्राहक नुकताच जाऊन "महाग आहे" म्हणून परतलेला असतो, तोच डबा घेऊन येतो. आता त्याची किंमत शंभराने जास्त असते. ग्राहकाने वाटेत पाठ केलेले 'एष्टु' आणि 'स्वल्प कम्मी माडी' हे शब्द वापरले, की राजस्थानी दुकानदार स्वच्छ हिंदीत उत्तर देतो.

"गेमिंग के लिए या ऑफिस के लिए?"

"दोनों," ग्राहक आवाज खाली आणून म्हणतो.

"ये बोर्ड मत लो सर. इसमें फ्यूचर नहीं है."

भविष्याबद्दल इतक्या खात्रीने बोलणारा माणूस ज्योतिष्यांतही सापडत नाही. फ्यूचर असलेला बोर्ड फडताळातून खाली येतो. तो दोन हजारांनी जास्त असतो. "बिल बेका?" हा प्रश्न शेवटी येतो. बिल हवे तर एक भाव, नको तर दुसरा. दुसऱ्या भावात वॉरंटी म्हणजे दुकानदाराचे हसू. शेवटी काचेचे दार आणि रंगीत दिवे लावलेल्या पंख्यांचे कॅबिनेट दिसते. गरज नसते. तरी भाव विचारला जातो, आणि सध्यापुरता तो विषय तिथेच थांबतो.

जोडणी शनिवारी रात्री घरीच होते, कारण दुकानातले जोडणीचे पाचशे रुपये वाचवायचे असतात. जुने कॅबिनेट उघडले की आत गेल्या कित्येक वर्षांची धूळ, एक मेलेले झुरळ आणि पंख्याच्या पात्यात अडकलेली झेंडूची वाळकी पाकळी सापडते. खंडेनवमीला संगणकाला हार घालतात. हार दुसऱ्या दिवशी काढला जातो, पाकळ्या आत ओढल्या गेलेल्या असतात. ही धूळ झटकून प्रोसेसरावरचा वाळलेला थर्मल पेस्टचा थर पुसून नवा लावला आणि हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवली, तर जुना संगणक बराच शुद्धीवर येतो. यादीतले सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत गुणकारी काम हेच. तेवढ्यावर कुणी थांबत नाही, कारण एसएसडी मित्रांना दाखवता येत नाही.

बोर्ड बसवून, नऊ स्क्रू आवळून, सगळ्या वायरी लावून झाल्या की टेबलावर एक पत्र्याची आयताकृती पट्टी उरलेली दिसते. ही आय/ओ शील्ड. ती बोर्डाच्या आधी कॅबिनेटच्या मागच्या भोकात बसवायची असते. सगळे पुन्हा काढले जाते. एम.२ एसएसडीला धरून ठेवणारा स्क्रू तांदळाच्या दाण्याहून लहान असतो, एकच असतो, आणि फरशीवर पडल्याचा आवाज देऊन नाहीसा होतो. पुढचा तासभर दोन शिकलेली माणसे मोबाइलचा उजेड पाडून पलंगाखाली लोळत असतात. त्यातल्या एकीने या सगळ्याला मुळातच नकार दिलेला असतो, याची आठवण ती तिथूनही करून देते.

बटण दाबले जाते. पंखे फिरतात, दिवे लागतात, पडदा काळा. पुण्याला फोन जातो.

"डिस्प्ले येत नाहीये."

"रॅम काढ. रबरने घास."

पेन्सिलच्या खोडरबरने रॅमचे सोनेरी दात घासणे हा भारतीय संगणकशास्त्राचा सार्वत्रिक उपाय आहे. काळवंडलेल्या जुन्या पट्टीवर तो खरोखर चालतो. तास-दीड तासापूर्वी डब्यातून काढलेल्या कोऱ्या रॅमलाही तो केला जातो. दोनदा घासून, पट्ट्यांच्या जागा बदलून, बोर्डावरचा बिल्ल्याएवढा सेल काढून-घालून, विकणाऱ्याला मनात शिव्या देऊन झाल्यावर कुणीतरी वाकून मागे बघते. पडद्याची केबल नव्या ग्राफिक कार्डाला लावायची, ती सवयीने बोर्डाच्या भोकात लावलेली असते. रायझन ५ ५६०० सारख्या प्रोसेसरात चित्राची सोयच नसते, त्यामुळे तिथून काही दिसण्याचा प्रश्नच येत नाही.

मग चित्र येते, आणि विंडोज कळवते की हा संगणक तिच्या ओळखीचा नाही. जुन्या बोर्डासोबत तिचा परवानाही गेलेला असतो. तेही निस्तरले जाते. गेम 'अल्ट्रा'वर लागतो. सावल्या परत येतात, गवत परत येते, कोपऱ्यातला आकडा सेकंदाला १२० चित्रे दाखवतो. मॉनिटर ६० हर्ट्झचा असतो, म्हणजे सेकंदाला साठच दाखवू शकतो. उरलेली साठ चित्रे कुठे जातात, असे बायको विचारते. मालक मॉनिटरांचे भाव बघू लागतो. अर्धा तास महानगरातल्या पाण्याच्या डबक्यांत आपले प्रतिबिंब बघून झाल्यावर तो २००५ चा 'मोस्ट वाँटेड' लावतो आणि पहाटेपर्यंत तोच खेळतो.

जुन्या भागांचे काय करायचे, हा शेवटचा प्रश्न. प्रोसेसर, बोर्ड, आठ जीबी रॅम, हार्डडिस्क, जुने कार्ड, जुना एसएमपीएस, सगळे डब्यात पडून असते. विकायला काढले तर येणारी किंमत सांगण्यासारखी नसते. "यात तर एक अख्खा कॉम्प्युटर उभा राहील, फक्त कॅबिनेट पाहिजे," असा शोध आठवड्याभरात लागतो. मग काचेच्या दाराचे ते कॅबिनेट येते. नवे भाग साहजिकच नव्या कॅबिनेटात जातात आणि जुने भाग आपल्या जुन्या कॅबिनेटात परततात. आता टेबलावर कमी खर्चात अपग्रेड करायचा होता तो जुना संगणक आहे तसा उभा असतो, आणि त्याच्या शेजारी एक संपूर्ण नवा. नवा घ्यायचा नाही, असे ठरले होते.

वाचकांपैकी कुणाकडे एम.२चा स्क्रू जादा पडून असेल तर त्याने तो टाकू नये. असे स्क्रू शोधणारी माणसे एस. पी. रोडला दर शनिवारी भेटतात. रविवारी तिथली बहुतेक दुकाने बंद असतात.